राहिलेल्याचा रकाना

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी एकच्या सुमारास मी गावी पोहोचले. अमरावतीहून निघालेली एसटी वर्धा नदी ओलांडून आर्वीच्या रस्त्याला लागेपर्यंत खिडकीचे गज हाताला चटके देऊ लागले होते. घरात शिरल्यावर काही क्षण डोळ्यांपुढे नुसता काळोख असतो. आधी जाणवतो तो कूलरच्या ताट्यांतल्या ओल्या वाळ्याचा वास, मग त्यात मिसळलेला फिनाइलचा, आणि मग त्या काळोखातून आईची खाट हळूहळू आकार घेते. माठातले पाणी पिताना माझी नजर खिळ्याला टांगलेल्या तक्त्याकडे गेली. हा तक्ता जिल्ह्याच्या ठिकाणच्या ब्युरोने, म्हणजे आईच्या सेवेला मुलगी पाठवणाऱ्या संस्थेने, छापून दिलेला आहे. दर दोन तासांनी कूस बदलली का, पाणी किती दिले, गोळ्या दिल्या का, सकाळ-संध्याकाळचा बीपी, शुगर, इन्सुलिन, लघवी, शौच असे त्याचे रकाने. त्या दिवसाचा तक्ता खालपर्यंत भरलेला होता. रात्री आठला डावी कूस, दहाला उजवी, बाराला पुन्हा डावी. संध्याकाळचा बीपी १३०/८०. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

मी काही बोलले नाही. पेला माठावर पालथा घातला आणि आईजवळ जाऊन बसले.

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करण्यात माझी २६ वर्षे गेली आहेत, त्यामुळे खोटे रजिस्टर ओळखायला मला त्यातली बेरीज करून पाहावी लागत नाही. ते दिसण्यावरूनच कळते. वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने, बहुधा एकाच बैठकीत उतरवलेल्या असतात; पानांचे कोपरे दुमडलेले नसतात, कुठे चहाचा डाग नसतो, खाडाखोड तर नसतेच. खऱ्या रजिस्टरात शाई बदलते, पावसाळ्यात पाने फुगतात, सचिव लग्नाला गेलेला असला की चार दिवस शिपायाचे अक्षर दिसते. आईच्या तक्त्यात गेल्या दहा दिवसांचा बीपी १३०/८० आणि १२८/८० यांच्या बाहेर गेला नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या, लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात भारनियमन सोसणाऱ्या बाईचा बीपी असा वागत नाही. मार्चअखेरीस वेळ कमी असताना व्हाउचरांचे गठ्ठे नुसते चाळून ‘तपासले’ असा शेरा मीही मारलेला आहे, हे इथे लिहून ठेवणे भाग आहे. हा रोग मला बाहेरून ठाऊक नाही.

आईला विचारावे, तर तिच्याजवळ आता एकच शब्द उरला आहे. उजवी बाजू गेली तेव्हाच बोलणेही गेले, आणि महिन्याभराने परत आले ते फक्त ‘बरं’ एवढेच. तहान लागली तरी ‘बरं’, दुखले तरी ‘बरं’, मी निघते म्हटले तरी ‘बरं’. त्यातले सूर ओळखायला मला वर्ष लागले. ब्युरोच्या कार्यालयातली एक बाई दर महिन्याला फोन करते, फोन आईच्या कानाला लावायला सांगते आणि विचारते, “आजी, आमची सेवा कशी वाटते?” आई म्हणते, “बरं.” त्या कार्यालयातल्या कुठल्यातरी रकान्यात ‘रुग्ण समाधानी’ अशी नोंद होत असणार, आणि त्या नोंदीत तसे पाहिले तर एक अक्षरही खोटे नसणार. घरी येऊन सेवा देणाऱ्या माणसाची पारख करणे अवघड जाते ते इथेच. दवाखान्यात चार खाटा शेजारी असतात, त्यांचे नातेवाईक असतात, येणारे-जाणारे डोळे असतात. घरात दार लोटले की एक अबोल जीव आणि एक परका हात, एवढेच उरतात.

आता आईजवळ राहणाऱ्या ब्युरोच्या मुलीच्या आधी तिच्याकडे गल्लीतली एक मावशी होती. तिला लिहिता येत नव्हते. सरकी-ढेपेची पोती उचललेले तिचे हात असे की आईला ती एकटी सहज वळवी. उशाशी तिने दोन वाट्या ठेवल्या होत्या, एकीत चिंचोके. कूस बदलली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दोन तासांचा हिशेब पाळला तर दिवस-रात्र मिळून बारा व्हायला हवेत. सकाळी मी फोन करी तेव्हा ती वाटी मोजून सांगे, “नऊ झाले, बाई.” कधी दहा, कधी आठ. बारा असे तिने क्वचितच सांगितले. ब्युरोचा माणूस पुढे पहिल्यांदा घर पाहायला आला तेव्हा त्या वाट्या पाहून हसला होता. मला मात्र आजही वाटते की माझ्या घरात आलेली ती सर्वांत खरी नोंदवही होती.

आणि त्याच मावशीच्या हातून आई मरता मरता वाचली. तिची रीत अशी की तहान लागली असेल असे वाटले की झोपल्या झोपल्याच चमच्याने पाणी घालायचे. लकव्यात गिळण्याच्या स्नायूंवरचा ताबाही जातो, पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते, आईला ठसका लागे आणि मावशी पाठीवर थोपटत म्हणे, “कोणी आठवण काढून राह्यलं.” एका भादव्यात ठसक्यापाठोपाठ ताप चढला, छाती घरघरू लागली, आणि आम्ही तिला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले. तिथे नऊ दिवस गेले. वॉर्डातल्या एका सिस्टरने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, घोटभर पाणीसुद्धा बसते करून, हनुवटी किंचित खाली घेऊनच द्यायचे, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. दुसरी, टाच पाहायची. टाच, माकडहाड, कमरेचे खुबे, खांद्याची पाती, जिथे हाड कातड्याच्या जवळ असते तिथे. लाल दिसले तर बोटाने दाबायचे. बोट उचलल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असे समजायचे. “कागद नंतर बघा, आधी टाच बघा,” असे ती म्हणाली होती.

त्या नऊ दिवसांतल्या एका संध्याकाळी मी पाय मोकळे करायला आश्रमात गेले. परचुरे कुटीपुढे थोडा वेळ थांबले. महारोगाने गांजलेले परचुरेशास्त्री १९३९ साली तिथे आले आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत, हे शाळेपासून ऐकलेले. इतकी वर्षे मला त्यात त्याग दिसत आला होता. त्या संध्याकाळी निराळेच मनात आले. ज्याचा हात रोज त्या अंगावरून फिरतो त्याला नवी जखम आधी कळते, ती कळायला दुसऱ्याच्या अहवालाची गरज पडत नाही. आणि परचुरेशास्त्र्यांना बोलता येत होते. पंडित माणूस, दुखले तर संस्कृतातही सांगू शकले असते.

दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीला तेज आले आणि मावशी गेली. किलोमागे मिळणारी मजुरी आणि सोबतीच्या चार बाया सोडून एका बंद खोलीत बसण्यात तिला काय सुख होते? मी तिला अडवले नाही. मग ब्युरो आला, छापील तक्ता आला, निळ्या एप्रनमधली ही तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आली.

त्या शनिवारी मुलगी न्हाणीत कपडे धूत होती, तेवढ्यात मी माझी तपासणी उरकून घेतली. चोरासारखे वाटत होते. टाचा पाहिल्या. खाली मऊ कापडाची गुंडाळी ठेवून त्या गादीपासून अधांतरी ठेवलेल्या होत्या, कातडी स्वच्छ आणि कोरडी. पाठ पाहिली, पावडरचा थर नव्हता, घामोळे नव्हते, माकडहाडावर किंचित लाली होती, ती बोटाखाली पांढरी पडली आणि परत आली. नखे कापलेली. निकामी पडलेल्या उजव्या हाताची मूठ आपोआप आवळली जाते आणि आत घाण साठते. त्या मुठीत तिने धुतलेला रुमाल गुंडाळून ठेवला होता आणि तळहाताला साबणाचा वास येत होता. हे कुठल्याही तक्त्यात नव्हते. केसांना तेल, बारीक वेणी. मी अवाक झाले. खोट्या कागदामागे इतकी नीट सेवा असेल याची माझ्या खात्यात सोय नव्हती. आमच्याकडे रजिस्टर खोटे निघाले की पुढचे सगळे खोटे धरूनच चालतात.

मग बीपीचे यंत्र काढले. त्याच्या पोटात मागची मोजमापे तारीख-वेळेसह साठलेली असतात. आठवड्याच्या चौदा नोंदींपैकी यंत्रात पाचच होत्या, आणि त्यातली एक १६४/९२. शुगरचे यंत्र उघडले, तर तिथला प्रत्येक आकडा तक्त्यातल्या आकड्याशी जुळला. सकाळची उपाशीपोटीची शुगर रोज खरोखर मोजली गेली होती. म्हणजे या मुलीने आपल्या मनाशी काहीतरी ठरवले होते: शुगरवरून इन्सुलिन द्यायचे असते म्हणून ती खरी, बीपीवरून आपल्याला काही करायचे नसते म्हणून तो कागदापुरता. तिची ही क्रमवारी चूक होती, पण ती क्रमवारी होती. आणि तेच खरे आकडे पाहताना माझ्या पोटात गोळा आला. पंधरा दिवसांपूर्वी दीडशेच्या आसपास असलेली शुगर आता २६०, २७५ अशी चढत गेली होती. आहार तोच, मात्रा तीच. मी फ्रिज उघडला. इन्सुलिनची बाटली दाराच्या कप्प्यात नव्हती; ती वरच्या बर्फाच्या कप्प्यात, मटाराच्या पिशवीला टेकवून ठेवलेली होती. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी पुन्हा कामाचे राहत नाही. बाटली हाताने फिरवली तर त्या दुधाळ औषधाचे कण काचेला आतून चिकटून राहिले.

“लाईट जाते ना, ताई, तीन-तीन तास,” ती ओल्या हातांनी दारात उभी राहून म्हणाली. “खराब होऊ नये म्हणून वर ठेवलं म्या.”

काळजीपोटीच केलेली चूक. तिच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचे एवढे सांगितले होते, गोठवायचे नाही हे सांगितले नव्हते. आणि मी, जिने बाटली आणून दिली, तिनेही सांगितले नव्हते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, उघडलेली साधारण चार आठवडे, आणि लाईटचा भरवसा नसेल तर मातीच्या दोन भांड्यांत मध्ये ओली वाळू घालून केलेला गारवा पुरतो, हे मला ठाऊक होते. बाटलीवर उघडल्याची तारीख नव्हती, ती टाकण्याचे काम तक्त्याने कोणालाच दिलेले नव्हते. त्याच संध्याकाळी आर्वीहून नवी बाटली मागवली आणि डॉक्टरांना फोन करून शुगर आणि तो १६४/९२ दोन्ही सांगितले.

ऊन कलल्यावर आम्ही दोघी आईची खाट दिसेल अशा बेताने बंगईवर बसलो. मी तक्ता मांडीवर घेतला आणि रात्री आठच्या खुणेवर बोट ठेवले. ती गडबडली नाही. “फोटो दोनच्या आत टाका लागते, ताई. उशीर झाला तं त्या दिवसाचा खाडा धरतेत.” म्हणजे ब्युरोतल्या कोणीतरी दिवसाचा हिशेब दुपारी दोनला बंद करायचे ठरवले होते, आणि रात्रीची सेवा त्या आत पुरी झाल्याचे रोज चित्रासकट मिळत होते. तिकडे कोणी घड्याळाकडे पाहिले असते तर एका फोटोत सगळे उघडे पडले असते. सुपरवायझर या घरात शेवटचा आला त्याला चार महिने झाले. मी विचारले, रात्री खरोखर कूस बदलतेस का? ती म्हणाली, बदलते, मोबाइलचा गजर लावते. मग थोडे थांबून म्हणाली, “मंगळवारी नाई बदलली. ताप होता मले. अकराले झोपली, ते कोंबडा आरवला तवाच उठली. पण ते लिहाले जागा कुठं आहे त्याच्यात?”

खरेच नव्हती. प्रत्येक चौकोनात फक्त बरोबरची खूण करायची सोय. झाले नाही असे लिहायला एकही रकाना नाही.

त्याच ओघात कळले की मागच्या दाराची कडी ढिली झाल्याला महिना झाला होता, रात्री ती दाराला पाटा टेकवून झोपत होती, आणि मळणीच्या दिवसांत आवारात मजूर मुक्कामी होते तेव्हा ती संडासला जायला पहाटेपर्यंत थांबे. आईच्या सुरक्षिततेची विचारणा मी दर वेळी केली होती. या मुलीला रात्री भीती वाटते का, हे सहा महिन्यांत एकदाही विचारले नव्हते. जिला स्वतःला धड झोप नाही, ती दोन-दोन तासांनी दुसऱ्याची कूस कशी बदलणार? ब्युरो माझ्याकडून महिन्याला १८ हजार घेतो. तिच्या हातात ११ पडतात, हेही तेव्हाच समजले. सात हजारांत तो देखरेख करतो, अशी माझी समजूत होती.

रात्री अंगणात पडल्या पडल्या विचार करीत राहिले की या सगळ्याला विचारणारे कोण आहे. जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या परिचारिकेची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, नोंदणी क्रमांक मागता येतो. पण ब्युरो निळा एप्रन घातलेल्या सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात, आणि आपण क्रमांक मागत नाही. मीही मागितला नव्हता. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले होते, त्यात घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांच्याही नोंदणीची तरतूद होती. ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली. राहिले इंटरनेटवरचे तारे. या ब्युरोला पाचपैकी ४.८ मिळालेले आहेत. ते देणाऱ्यांत किती जणांनी टाच उलटून पाहिली असेल, कुणास ठाऊक.

आणि गंमत अशी की घरातल्या सेवेचे माप कसे घ्यावे हे जगाला ज्यांनी दाखवून दिले ते आमच्या विदर्भातलेच. नव्वदच्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या साध्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट नोंदलेली आहे. लोक तो आकडा सांगतात. माझ्या धंद्यामुळे असेल, मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते: दर पंधरवड्याला एक डॉक्टर गावात प्रत्यक्ष येऊन त्या बायांच्या नोंदी पडताळीत असे, चुकलेले तिथेच शिकवीत असे. आज त्याच धर्तीवर आमच्या गावची आशाताई समोरच्या घरातल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पाहायला येते. झोळीत घालून वजन करते, घड्याळ धरून मिनिटाचे श्वास मोजते; ६० किंवा त्याहून जास्त भरले की दवाखान्यात पाठवते. एका बाळामागे तिला २५० रुपये मिळतात. त्या रविवारी ती समोर आली होती. जाता जाता तिने आमच्या दारातून आत डोकावून विचारले, “काय म्हणते आजी?” आतून उत्तर आले, “बरं.” आशाताई पुढे गेली. तिच्या रजिस्टरात आईसाठी पान नाही.

परत निघण्यापूर्वी मी सुताराकडून कडी बसवून घेतली आणि दुकानातून दोनशे पानी वही आणली. छापील तक्ता ब्युरोसाठी राहू दिला. तो दुपारी दोनला जायचा तसा जाऊ दे. वहीत मुलीने आणि मी मिळून रेघा मारल्या. वेळ, काय केले, आणि तिसरा, सर्वांत रुंद रकाना: राहिले. मी तिला सांगितले की या रकान्यात लिहिलेल्या गोष्टीसाठी पैसे कापले जाणार नाहीत. हा रकाना पंधरा दिवस कोरा राहिला तर मात्र मी नक्की विचारीन. तिला ते पटले की नाही कळले नाही. “बरं,” ती म्हणाली, आणि आईकडे पाहून हसली.

मी दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जाते. जूनच्या दुसऱ्या शनिवारी खात्याची बैठक निघाली, जाणे झाले नाही. चौथ्या शनिवारी पोहोचले तेव्हा पहिल्या पावसाने अंगणात चिखल झाला होता आणि मुलगी आईला मागे उशा लावून बसती करून आंबील पाजत होती, एक चमचा, मग घोट गिळल्याची वाट पाहायची, मग दुसरा. वही खिडकीत होती. पाने फुगली होती. एका पानावर हळदीची बोटे, एका ठिकाणी पेन संपून पुढे पेन्सिल. राहिल्याच्या रकान्यात तिने लिहिले होते: रात्री २ ते ५ झोप लागली. बीपीचे सेल संपले. नखे राहिली. लाईट नव्हती, हवेची गादी बंद, टाचेखाली उशी दिली. मी एकेक ओळ वाचत खाली येत होते, आणि दुसऱ्या शनिवारच्या तारखेपुढे थांबले. तिथे तेच गोल, शाळकरी अक्षर होते: ताई आल्या नाहीत. आजी दाराकडे पाहत होती.

सवयीने पर्समधले तपासणीचे हिरवे पेन माझ्या हातात आले होते. तेवढ्यात आतून मुलीने हाक मारली, “ताई, चार वाजले, या जरा, दोघी मिळून वळवू.” मी वही होती तिथे ठेवली, हात धुतले आणि आईच्या खांद्याखाली हात घातला.